पत्र्याखालची लेकरं

"कुंदे, उगवतीकडची फट बुजिवलीस का गं?"

"बुजवली, आत्या."

"बारदान चांगलं कोंबलंस ना? वारं लई वंगाळ असतंय बघ."

"कोंबलंय."

"आन् लेकरं? मुंड्या वर करून हैत का?"

"आहेत की. सगळी मुंड्या वर करून कीर्तन ऐकायलीत."

"चेष्टा करू नगंस. मी आत येऊन बघत न्हाई म्हणून काय बी सांगशील व्हय?"

हे सगळं बोलणं बारदानाच्या पडद्यातून चाललं होतं. पडद्याच्या आत मी आणि माझी चंद्रकलावहिनी. बाहेर, दगडावर घोंगडं टाकून बसलेली माझी भागूआत्या. तिला आत यायला कोणी मना केलं नव्हतं. तिनंच स्वतःला मना केलं होतं, आणि तिनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी तिला हलवू शकत नसे.

आता मला नातवंडं झाली, गुडघे बोलायला लागले. तरी थंडीतल्या पहाटे अर्धवट जाग येते ना, तेव्हा आधी ती शेडच दिसते. आतला तो हिरवट उजेड, तुतीच्या पाल्याचा ओला वास, आणि रॅकवर एकावर एक पांढऱ्या अळ्यांचे थर. रेशमाच्या अळ्या पाला खायला लागल्या की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. खोटं नाही सांगत. पानांवर पडणाऱ्या बारीक, सारख्या पावसासारखा. त्या आवाजात मला हमखास डुलकी लागायची, हातात फांदी तशीच राहायची. मग वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्हालाच चढवावं लागतंय आता चंद्रिकेवर. झोपेत एखादा कोष तरी कराल." चंद्रिका म्हणजे ती गोल गोल घरं केलेली जाळी. अळ्या पिकल्या की त्यांना तिच्यावर सोडायचं, मग त्या तिथं कोष विणतात. एवढं सुंदर नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

आमचा मळा गोदावरीच्या अलीकडच्या काठाला. दिगूदादानं, म्हणजे माझ्या भावानं, तुती लावली तेव्हा सगळा गाव हसला होता. किडे पाळायला लागला म्हणे दिगंबर! पण पहिली बॅच वहिनीनं एकटीनं काढली, ती पण उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कुडाच्या खोपीत, आणि असे टपोरे कोष आले की हसणारे बघायला आले. दादा एकदम चढला. दिवाळी झाली आणि त्यानं नवी शेड बांधली. चारी बाजूंनी भिंती, वर कोरा करकरीत पत्रा. नदीच्या पलीकडून सुद्धा चमकताना दिसायचा. दादा पाहुण्यांना मुद्दाम तिकडच्या काठावर नेऊन दाखवायचा.

"आता अळ्यांना बंगला केलाय," तो म्हणाला. "आत्या, आता तू बघायचं. तुझ्याएवढं कोणाला कळतंय?"

यात थट्टा नव्हती हां. भागूआत्या म्हणजे गावातल्या बाळंतिणींची आई. सुईण वेगळी. सुईण येऊन नाळ कापून गेली की पुढचं सगळं आत्याचं. बाळाला तेल लावणं, बाळंतिणीला शेक देणं, शेगडी, ओवा, खोलीला वारं लागू न देणं. तिच्या हातचं एक लेकरू कधी दगावलं नाही. वहिनीच्या पोरीला तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

आणि तिची स्वतःची गोष्ट अशी की तिला मूल झालं नाही. नवऱ्यानं चार वर्षं वाट बघितली, दुसरी आणली, आणि ही परत आली ती कायमची. गावातल्या प्रत्येक बाळाला हिचे हात लागलेले. पण बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या, ओट्या भरायला सुरुवात झाली की आत्या उठायची. "म्हशीला पाणी दाखवून येते," म्हणायची. त्या दिवशी आमची म्हैस इतक्यांदा पाणी प्यायची की विचारू नका. आत्याची ओटी भरायला कोणी पुढं यायचं नाही, आणि कोणी पुढं येणार नाही हे बघायला तिला तिथं थांबायचं नसायचं.

तर शेड तिच्या हातात आली आणि ती हरखून गेली. "आळ्या म्हंजी काय, आंगावरची लेकरंच की," म्हणायला लागली. तिनं शेडीची बाळंतिणीची खोली करून टाकली. वरचे झरोके बारदानानं बुजवले. कोपऱ्यात कोळशाची शेगडी. रेशीम खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की धूर नको, वास नको, म्हणून ओव्याची धुरी तेवढी तिनं सोडली, पण शेगडीवर पाण्याचं भगुणं मात्र दिवसरात्र ठेवलं. "धुरी न्हाई तर न्हाई, उबारा तरी लागू दे." आणि सगळ्यात कडक नियम हा की कासराभर दिवस वर आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पहाटेचं वारं म्हणजे यमाचा निरोप, असं ती म्हणायची.

नव्या शेडीतली पहिली बॅच तिच्या हातून गेली. अळ्या ओलसर, मऊ पडल्या, काळ्या झाल्या आणि वास सुटला. दुसरीही तशीच गेली. दादानं खड्डा खणून त्या पुरल्या. आत्या त्या खड्ड्याजवळ बसून राहिली होती. तिला उठवायला गेले तर म्हणाली, "माझ्या हातून कवाच न्हाई गं गेलं कुणी."

शेजारच्या मळ्यातली सखूकाकी त्या संध्याकाळी विरजण मागायला आली. विरजण घेतलं आणि निघेना.

"मला बोलायचं न्हाई बाई," ती म्हणाली. म्हणजे आता बोलणार हे आलंच. "पर कुडाच्या खोपीत पिकलं का न्हाई? तवा कोण करीत हुतं? चंद्रकला. आन् आता कोण करायलंय? बघा बया तुमीच. पोरासोरांची गोष्ट निराळी, त्येंला देव राखतो. रेशमाचा जीव लई नाजूक. समद्यांची सावली त्याला सोसत न्हाई."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागं भांडं पडल्याचा आवाज आला. आत्या दारात उभी होती.

त्यानंतर तिनं शेडीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या बॅचची पिल्लं आली तेव्हा तिनं घोंगडं बाहेर टाकलं आणि एकदाच, शांतपणे सांगितलं, "ह्या खेपेला मी आत येत न्हाई. तरी बी गेली तर दिग्या, तू तुती मोड. आन् पिकली तर समजायचं ते समजू. पिकली तरी मी इथं ऱ्हात न्हाई. पैठणला जाईन, नाथाच्या दारात बसून खाईन. ज्या घराला माझी सावली सोसत न्हाई त्या घरात मी कशाला?"

"आत्या, येड्यासारखं काय बोलायलीस?" दादा ओरडला. पण तिचं गाठोडं बांधून खुंटीला टांगलेलं होतं. मला त्या गाठोड्याकडं बघवत नव्हतं. पिकलं तरी ती जाणार आणि नाही पिकलं तरी जाणार. वहिनीही ते गाठोडं उतरवायला पुढं झाली नाही. सखूकाकीचं बोलणं तिच्या मनात कुठंतरी बसलं होतं, हे मला कळत होतं, आणि मला तिचा रागही येत होता.

मात्र शेड चालवायची ती आत्याच्याच पद्धतीनं. दुसरी पद्धत आम्हाला माहीत कुठं होती? बाहेरून तिनं विचारायचं, आतून आम्ही सांगायचं. झरोके बंद, शेगडी पेटलेली, भगुणं वर, दार कासराभर दिवसानंतर.

मग एका संध्याकाळी अळ्या निजल्या. अळ्या चारदा कात टाकतात आणि त्या आधी निजतात. मुंडी वर करून, हलत नाहीत, खात नाहीत. ही शेवटची, मोठी झोप होती. पाला टाकायचा नाही, चुना भुरभुरायचा आणि गप्प राहायचं. त्या झोपेत शेडीत इतकी शांतता असायची की आपलाच श्वास मोठा वाटे.

मी आणि वहिनी शेजारच्या जुन्या खोपीत झोपायचो. त्या पहाटे, दिशा नुकत्या फाकत होत्या तेव्हा आत्याची हाक आली.

"चंद्रकले! ऊठ! कुंदे!"

आम्ही धडपडत बाहेर आलो. नदीवर धुकं होतं, वर आभाळ स्वच्छ, एक चांदणी अजून विझायची होती. आत्या शेडीच्या भिंतीला कान लावून उभी. ती कधीपासून तिथं होती कोण जाणे.

"लेकरं काल निजली ना?"

"निजली," वहिनी म्हणाली.

"समदी?"

"सगळी, आत्या. मी स्वतः बघितलंय."

"मग आत खायलंय कोण?"

आम्ही कान लावला. आतून पाऊस ऐकू येत होता. बारीक, सारखा, अगदी अळ्या पाला खातात तसा.  मला वाटलं मी अजून झोपेतच आहे.

"उंदीर असंल," मी म्हणाले.

"उंदीर आसा खातो व्हय? दार उघड."

"पण आत्या, कासराभर दिवस..."

"मरू दे तो कासरा! दार उघड म्हणते ना!"

वहिनीनं कंदील घेतला, मी पडदा सारला. आत ऊब होती, वाफ होती, आणि खरोखर पाऊस पडत होता. कंदील वर धरला तर सगळा पत्रा थेंबांनी भरलेला. थेंब फुगायचे, पन्हाळीवरून घसरायचे, एकमेकांत मिसळायचे आणि खाली पडायचे. खाली ती निजलेली लेकरं, मुंड्या वर करून, भिजत होती. वहिनी वर बघत होती तेवढ्यात एक थेंब तिच्या कपाळावर बरोबर कुंकवावर पडला आणि लाल ओघळ नाकावरून खाली आला. ती क्षणभर हसली. मग एकदम रडायला लागली, आणि रडतच बाहेर धावली.

"आत्या, आत चला."

"मी न्हाई येत."

"चला म्हणते ना!" वहिनीचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तिनं आत्याचं मनगट धरलं होतं. "इतके दिवस तुमची सावली तरी पडली का आत? पडली का सांगा! मग हे कुणाच्या सावलीनं झालं? या, डोळ्यांनी बघा."

आत्यानं उंबऱ्यावर पाय अडवला. वहिनीनं तिला अक्षरशः ओढून आत घेतलं.

आत्या वर बघत उभी राहिली. तिच्या गालावर थेंब पडला. तिनं तो पुसला, बोटं चोळून बघितली.

"पत्र्याला घाम आलाय गं," ती हळूच म्हणाली.

"भाताचं झाकण उचललं की आतून कसं गळतं, तसं झालंय," वहिनी म्हणाली. "वर रात्रभर थंडी, खाली आपली शेगडी, पाण्याचं भगुणं, एवढा ओला पाला. जाणार कुठं वाफ? आणि आपण येतो ऊन पडल्यावर. तोवर पत्रा तापून कोरडा. कुणाला काय दिसणार? आणि रोज अळ्या खात असतात, त्या आवाजात हा आवाज कोण ऐकणार?"

खोपीला हे झालं नाही, कारण पाचट घामेजत नाही आणि कुडातून वारा खेळतो. हे आम्हाला तिथंच, एका दमात कळलं. पण आत्याला आणखी एक कळलं आणि ती मटकन खाली बसली.

"भगुणं मी ठिवलं. झरोकं मी बुजिवलं. म्हंजी माझ्याच हातानं की गं."

मला वाटलं, एका फासातून सुटली आणि दुसऱ्यात अडकली. पण वहिनी तिच्यापुढं उकिडवी बसली, पदरानं तिचं तोंड पुसलं.

"चुकलं तुमचं, आत्या. चुकलंच. पण चूक निस्तरता येते. सावली कशी निस्तरणार होतो आपण?"

आत्या वर पत्र्याकडं बघत राहिली. थेंब पडत होते. मग ती एकदम म्हणाली, "आमच्या माळवदाला साणं हुतं."

"काय?"

"आगं, मातीचं घर आपलं जुनं. बाळंतिणीची खोली समदी बंद, खरंय, पर वर छताला साणं असायचं. भोक गं. त्यातनं शेगडीचा धूर जायाचा, उजेड यायाचा. ते कवाच कुणी बुजिवलं न्हाई. मी दारं-खिडक्याच ध्येनात ठिवल्या आन् साणंच इसरले!" तिनं कपाळावर हात मारला आणि ताडकन उठली. "दिग्याला बोलीव. म्हणावं, शिडी घिऊन ये."

दादा डोळे चोळत आला आणि ऐकून उडालाच. "माझ्या नव्या पत्र्याला भोक?"

"साण्याबिगर चूल पेटविली व्हती का तुझ्या आज्यानं? चढ वर!"

त्या एका दिवसात आम्ही दादाचा बंगला पार खोपीवर आणला. आढ्यावरचा पत्र्याचा कोन त्यानं सोडवला आणि विटांवर उचलून बसवला, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि पाणी आत येणार नाही. झरोके मोकळे केले, भगुणं उतरवलं. पत्र्यावर हातभर पाचट अंथरलं आणि वर जुने टायर, दगड ठेवले. "आता पलीकडच्या काठावरनं काय दिसंल रे तुझं?" मी दादाला चिडवलं. तो नुसता हसला. आत आम्ही अळ्यांवर कोरडा चुना भुरभुरत होतो. काही गेल्या होत्या, त्या वेचून काढल्या. बाकीच्या तशाच निजलेल्या होत्या.

दुपारी आत्या म्हणाली, "एखांदा थेंब चुकून आला तर? खालनं कापडाचं छत बांधू." तिनं तिची ट्रंक शेडीसमोर आणून उघडली. जुनी लुगडी, इरकली, धुऊन धुऊन मऊ झालेली. आम्ही तिघी उन्हात बसून ती एकमेकींना शिवत गेलो. निळं, अंजिरी, हिरवं. मधल्या रॅकच्या वर तेवढं कापड कमी पडलं.

आत्यानं ट्रंकेच्या तळाशी हात घातला आणि एक लहानशी चवड काढली. दुपटी होती. कडेला लाल फीत लावलेली, एक कुंची, तिला झालर. कोरी होती सगळी, नुसत्या घड्या पिवळ्या पडलेल्या.

वहिनीची सुई थांबली. "आत्या, ही कुणाची?"

"कुणाची न्हाईत. शीव मधी. तिथंच कमी पडायलंय."

वहिनीनं शिवली. बारीक, जवळ जवळ टाके घालत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघं शेडीत गेलो. आत्यानं हात वर करून छताच्या कापडाला लावला. कोरडं होतं. त्याच दिवशी लेकरं जागी झाली, कात टाकून, भुकेली. आम्ही फांद्या टाकल्या आणि तो आवाज सुरू झाला. वरच्या फटीतून उजेड यायचा आणि लुगड्यांतून गाळून खाली पडायचा, त्यामुळे पांढऱ्या अळ्या कुठं निळ्या, कुठं अंजिरी दिसायच्या. मधल्या रॅकवर तेवढा फिकट, दुधासारखा उजेड होता. आत्या त्या रॅकखाली घोंगडं टाकून आडवी झाली. मला वाटलं झोपली, तर डोळे मिटूनच म्हणाली, "पाऊस हाय का गं?"

"नाही आत्या. लेकरं जेवायलीत."

"जेवू द्या," ती म्हणाली, आणि खरंच झोपली.

कोष काढायचा दिवस आला तेव्हा शेजारपाजारच्या बायका हाताखाली आल्या. सखूकाकीही आली. चंद्रिका अंगणात मांडल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र कोषांनी गच्च भरलेल्या. आत्या सगळ्यांना चहा देत फिरत होती. तिचं गाठोडं मात्र अजून खुंटीलाच होतं, आणि त्याबद्दल कोणी शब्द काढत नव्हतं.

चहा झाल्यावर वहिनीनं घरातून पाट आणला. हळदीकुंकवाचा करंडा आणला. सुपात पहिल्या चंद्रिकेचे कोष घेतले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ओटी भरायची हे सगळ्यांना कळलं, कुणाची ते कळेना.

आत्यानं पाट बघितला आणि नेहमीसारखी उठली. "म्हशीला पाणी दाखवून येते."

"म्हशीला पाणी मी दाखवलंय, आत्या," वहिनी म्हणाली. "तुम्ही पाटावर बसा."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे तिच्या हातात तसाच होता. मी तो काढून घेतला. तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं. तिचा देह एवढा हलका असेल असं मला वाटलं नव्हतं.

वहिनीनं तिला कुंकू लावलं. "पदर पसरा."

"आगं, मला कशाला... मला न्हाई गं चालत..."

"पसरा म्हणते ना."

आत्यानं पदर पसरला. वहिनीनं ओंजळ भरून कोष घातले, मग दुसरी ओंजळ. मी घातले. मग वहिनी वळली. "काकी, या. तुम्ही पण भरा."

सखूकाकी खाली बघत उभी होती. मग ती पुढं आली, सुपातले कोष दोन्ही हातांनी उचलले आणि आत्याच्या पदरात ठेवले. तिच्यामागून एकेक बाई आली. ज्या बायांची बाळंतपणं आत्यानं काढली होती, त्या सगळ्या.

आत्या मान खाली घालून पदरातल्या त्या पांढऱ्या ढिगाकडं बघत होती. डोळ्यांतलं पाणी कोषांवर पडू नये म्हणून मान बाजूला करत होती. मी खुंटीवरचं गाठोडं काढून सोडलं आणि त्यातली लुगडी, चोळ्या परत ट्रंकेत ठेवून आले, तरी ती तशीच बसली होती.

"लई हलकी हैत गं," ती म्हणाली. "वजनच न्हाई यांना."

"हलकीच असतात, आत्या," वहिनी म्हणाली. "पदर घट्ट धरा."